धारेवरच्या गुलाबी फिती

पहिली फीत लाहेलांनी तोडली तेव्हा नोहेआ काही बोलली नाही. वाटेची खूण म्हणून ओहिआच्या झाडाच्या फांदीला बांधलेली गुलाबी प्लास्टिकची फीत, उन्हापावसानं विटलेली. लाहेलांनी चालता चालता हात वर केला, फीत ओढून तोडली आणि तांदळाच्या रिकाम्या पिशवीत कोंबली.

"डोंगर आहे की वाढदिवसाचा केक," एवढं पुटपुटून त्या पुढे निघाल्या.

दुसरी, तिसरीही तशीच गेली. शहरातली पोरं इंटरनेटवर फोटो बघून सुट्टीच्या दिवशी या धारेवर येतात, घसरतात, हरवतात आणि जाताना आपलं प्लास्टिक मागे ठेवून जातात, असं लाहेलांचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. नोहेआच्या मनात आलं, की उतरताना लागल्या तर? पण सासूला तिचाच डोंगर शिकवायचा म्हणजे जरा जास्तच झालं असतं. नोहेआ होनोलुलूत, उंच इमारतीत वाढलेली. कॉलेजात भूगोल घेतला होता खरा, पण नकाशात या धारेवर वाटच दाखवलेली नव्हती. ती कुणी कधी बांधली नव्हती, कुणी राखतही नव्हतं. पायथ्याच्या वायकाने गावातली माणसं अधूनमधून वर जात राहिली म्हणून ती उरली होती, इतकंच.

तेव्हा ती नुसतं बघून ठेवत गेली. कामालू झाल्यापासून तिला ती सवयच जडली होती. टेबलाचे कोपरे, गरम भांड्याची मूठ, झोपलेल्या बाळाची छाती वरखाली होतेय ना. लाहेला तिला चेष्टेनं 'आमची पहारेकरीण' म्हणायच्या.

कामालू उद्या एक वर्षाचा होणार होता. अंगणात तंबू उभा राहिला होता, डुक्कर भाजायचा खड्डा दिरांनी खणून ठेवला होता, अर्धं गाव लुआउच्या मेजवानीला यायचं होतं. आणि त्या घरातल्या पहिल्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याच्या गळ्यात माइले या रानवेलीचा हार पडायचा तो याच धारेवरच्या माइलेचा. सासरे होते तोवर ते आणि लाहेला मिळून आणायचे. हल्ली बाजारात माइले दुसऱ्या बेटांवरून विमानानं येते, खोक्यात, बर्फासारखी गार. तसली घालायची तर मग प्लास्टिकचीच घाला की, असं लाहेलांनी एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. त्यानंतर खोक्याचं नाव कुणी काढलं नाही.

खरं तर नोहेआचा नवरा एलिया जाणार होता. पण बंदरावर त्याच्या पायावर पेटी पडली आणि पाय प्लास्टरात गेला. मग लाहेला म्हणाल्या, मी जाते. साठी उलटलेल्या बाईला अडवणं कुणालाच जमलं नाही, तेव्हा सोबत जाणं नोहेआच्या वाट्याला आलं.

तिचा जीव मागे अडकला होता तो एकाच गोष्टीत. कामालू बाटली तोंडात घेत नव्हता. कपही नाही, चमचाही नाही. तिच्या अंगावर प्यायल्याशिवाय तो आजवर एकदाही झोपला नव्हता. दुसरा उपाय म्हणजे त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या, आणि एलियाला तर कुबड्यांशिवाय उभंही राहता येत नव्हतं. दिवे लागायच्या आत परत येते, असं तिनं निघताना बाळाच्या कानाशी सांगितलं होतं. त्याला काय कळणार होतं. पण सांगितलं तिनं होतं, आणि तिला ते सकाळपासून ऐकू येत होतं.

चढण अशी नव्हती की एकदा दम खाल्ला आणि झालं. धार वर जायची, हातची उंची घालवून पुन्हा खाली उतरायची, मग आधीपेक्षा वर चढायची. चिखलात मुळं आणि मुळांवर शेवाळ. दोन्ही बाजूंनी उलुहेचा नेचा कमरेपर्यंत माजलेला. पाय मातीवर पडला की नुसत्या नेच्याच्या जाळ्यावर, हे पाय आत गेल्यावरच कळायचं. त्याच्या वाळक्या काड्यांनी नडग्या ओरबाडून निघाल्या. एके ठिकाणी धार इतकी निमुळती झाली की दोन्हीकडे दरी आणि मधे जेमतेम बूड टेकेल एवढी माती. लाहेलांनी खरंच तिथे बूड टेकलं आणि घोड्यावर बसल्यासारख्या सरकत पलीकडे गेल्या. पायात त्यांनी एलियाचे शाळेतले फुटबॉलचे खिळ्यांचे बूट घातले होते, आत दोन जोड मोजे कोंबून.

मग एक उभा चढ आला, कुणीतरी कधीतरी बांधून ठेवलेल्या निळ्या दोरासकट. लाहेलांनी दोर आधी ओढून पाहिला, झाडाच्या बुंध्याला शिवी दिल्यासारखं थोपटलं आणि चढल्या. दोराच्या वर काही अंतरावर एक सपाट टेपाड होतं. तिथल्या झाडांवर फितींची दाटी होती. लाहेलांनी तीही साफ केली, परत दोरापर्यंत खाली येऊन पिशवीचं तोंड बांधलं आणि ती दोराच्या झाडालाच अडकवून ठेवली. कचरा कशाला वर न्यायचा, उतरताना घेऊ.

टेपाडावर फोनला रेंज मिळाली. एलियानं व्हिडिओ पाठवला होता: कामालू बाटली दोन्ही हातांनी दूर ढकलतोय आणि तोंड घट्ट मिटून घेतोय. नोहेआनं तो पाहिला, परत पाहिला, लाहेला 'चल गं' म्हणेपर्यंत पाहिला. पुढेही ती दर वळणावर फोन काढून रेंज आली का बघत राहिली.

माइले वरच्या कड्याखालच्या दाट झाडीत होती. लाहेला झाडीच्या तोंडाशीच थांबल्या, टोपी काढली आणि परवानगी मागितल्यासारखं हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. नोहेआला त्यातलं नातवाचं नाव तेवढं समजलं. मग त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. नोहेआचे पाय भरून आले होते, तिला बसायचं होतं, पण त्या उभ्या असताना बसणं बरं दिसेना. बऱ्याच वेळानं लाहेलांनी टोपी घातली. "हरकत दिसत नाही," त्या म्हणाल्या.

फार कोवळी नाही, फार जून नाही अशी फांदी बघायची, टोकाशी दातांनी साल सैल करायची आणि पानांसकट अलगद ओढून काढायची. आतली ओली पांढरी काडी मागे राहते. एका वेलीची एकच फांदी. मूळ हलता कामा नये. नोहेआची पहिली साल मधेच तुटली, दुसरीही. लाहेला टोमणा मारतील असं तिला वाटलं, पण त्यांनी नुसता तिचा हात धरून कोन बदलून दिला. दुपारपर्यंत मोठा भारा झाला. आता वास जेमतेम होता. साल सुकायला लागली की तो वाढतो.

मुसुबी, भाताचे गोळे, खाताना नोहेआची छाती दगडासारखी झाली होती. तिनं झाडाआड जाऊन दूध पिळून मातीत सोडलं. एवढ्या दुधावर बाळ दुपारभर झोपलं असतं. परत आली तेव्हा लाहेला पानातला शेवटचा भात चाटत होत्या.

"एवढं खत मिळालंय, पुढच्या वर्षी इथे पाय ठेवायला जागा राहायची नाही."

नोहेआला हसावंसं वाटलं नाही, तरी ती हसली.

ढग वरून उतरला नाही, दरीतून चढत वर आला. निघून थोडाच वेळ झाला होता. आधी समुद्र गेला, मग शेजारची धार गेली, मग पुढे चालणाऱ्या लाहेलांच्या टोपीचा रंग गेला. बारीक पाऊस अंगावर बसत होता. चढताना जिथे जिथे उतरावं लागलं होतं तिथे तिथे आता चढायचं होतं, आणि तो हिशेब नोहेआनं सकाळी केलाच नव्हता.  ती मनातल्या मनात फक्त पुढचं पाऊल म्हणत होती.

टेपाडावर पोचल्यावर लाहेला थांबल्या.

सकाळी या टेपाडावर प्रश्नच नव्हता. खालून येणाऱ्या सगळ्या सोंडा इथे एकत्र होतात. कुठूनही आलं तरी माणूस वरच जातो. उतरताना मात्र तीच जागा उलटी होते. चारी अंगांनी जमीन खाली जात होती, सगळीकडे तेच नेचे, तीच झाडं, आणि हाताच्या अंतरापलीकडे पांढरं.

"डावीकडे," लाहेला म्हणाल्या आणि उतरू लागल्या.

बरंच खाली गेल्यावर पायाखालचा नेचा मऊ लागायला लागला. लाहेलांनी काठी पुढे टोचली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. खालून पाणी पडल्याचा आवाज येत होता, खूप खालून. नोहेआनं फोन काढला. ओल्या काचेवर बोट चालेना, नकाशातला निळा ठिपका एकदा दरीत, एकदा समुद्रात उडी मारत होता. तिनं स्वेटरच्या आतल्या बाजूनं काच पुसली आणि तेवढ्यात फोन बंद पडला. दिवसभर रेंज शोधून शोधून तो संपला होता.

"गेला?" लाहेलांनी विचारलं.

"गेला."

"बरं झालं. नाहीतर तू हेलिकॉप्टर बोलावलं असतंस, आणि उद्या सगळं गाव डुक्कर खाता खाता तीच गोष्ट सांगत बसलं असतं."

नोहेआनं फोन खिशात टाकला. हेलिकॉप्टर बोलवायचं तिच्या मनात खरंच आलं होतं. त्या परत वर चढल्या. उतरलेलं सगळं चढून यायचं, तेही काही हाती न लागता, हे पायांना पटत नव्हतं. मधे एकदा नोहेआ नेच्यातच बसली आणि उठायचं विसरली. लाहेलांनी तिच्या सॅकचा पट्टा धरून तिला उभं केलं. त्यांचाही श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि उजवा गुडघा त्या वाकवत नव्हत्या.

टेपाड आलं. निदान टेपाडासारखं काहीतरी आलं.

"आई, त्या फिती..."

"माहितीये. तू म्हणू नकोस."

"तसं नाही. मी सकाळीच म्हणायला हवं होतं."

"मग म्हणाली का नाहीस? तोंड बाळाजवळ ठेवून आली होतीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

लाहेलांनी खरोखर विचार केला. "नसतं," त्या म्हणाल्या.

मग त्या खाली बसल्या आणि पाठीवरचा भारा सोडला. ओल्या कापडात गुंडाळलेली माइले. त्यातली एक लांब साल त्यांनी काढली आणि दोघी उभ्या होत्या त्या झाडाला, तोंडासमोर, बांधली. दोन गाठी मारल्या आणि ओढून पाहिल्या.

नोहेआला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं सासूचा हात धरला. "आई, ती कामालूची आहे."

"कामालूचीच आहे. त्याच्या आईला घरी पोचवायला लागतेय."

दुसऱ्या सोंडेवर त्या थोड्या थोड्या अंतरावर एकेक साल बांधत उतरल्या. वाट सापडली असं वाटलं, मळलेली माती, मोडलेला नेचा. पण ती रानडुकरांची वाट निघाली आणि रानपेरूच्या गचपणात शिरून, जिथे माणसाला रांगताही येणार नाही अशा जागी संपली. परत फिरताना ढग आणखी घट्ट झाला होता. बांधलेली पानं दिसत नव्हती, हिरव्यात हिरवी मिसळून गेली होती.  आता टेपाडही हरवलं, तर मग रात्र इथेच.

लाहेला थांबल्या, नाक वर केलं. "थांब. वास येतोय."

नोहेआलाही आला. गोडसर, थोडा ओल्या लाकडासारखा, थोडा दुधासारखा. साल सुकायला लागली होती. त्या वासाच्या दिशेनं चार पावलं गेल्या आणि पान गालाला लागलं. मग पुढचं. मधे एकदा वास तुटला तेव्हा दोघी हात धरून तशाच उभ्या राहिल्या, वारा फिरेपर्यंत. अशा, नाक पुढे करून, त्या टेपाडावर परत आल्या.

तिसऱ्या सोंडेला नोहेआ पुढे झाली. कुणी ठरवलं नव्हतं, लाहेलांचा गुडघा मागे पडला म्हणून ती पुढे गेली. दर थोड्या अंतरावर मागे वळून हात पुढे करायची आणि लाहेला तिच्या हातात साल द्यायच्या. ती बांधायची. भारा इतका हलका झाला होता की लाहेलांनी तो काखेत घेतला होता.

पांढऱ्यात काहीतरी गुलाबी दिसलं. तांदळाची पिशवी. तिच्या विरलेल्या प्लास्टिकमधून सगळ्या फितींचा रंग एकत्र दिसत होता, आणि पिशवीखाली निळा दोर. नोहेआला हसू आलं, पण हसायला लागणारी हवा छातीत नव्हती. ती झाडाला कपाळ टेकून उभी राहिली. लाहेला मागून आल्या, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे. घे ती."

दोरावरून उतरताना लाहेलांचा गुडघा गेला. पडल्या नाहीत, दोराला लोंबकळल्या, मग खाली चिखलात बसल्या. ढग वर राहिला होता. खाली वायकानेतली घरं दिसत होती आणि समुद्राचा उजेड ओसरायला लागला होता. कुणाच्या तरी परसातला एक दिवा लागला. नोहेआनं तो पाहिला. तिचा स्वेटर दोन जागी दुधानं भिजला होता.

"तू जा," लाहेला म्हणाल्या. "इथून खाली सरळ आहे. पोर भुकेलं असेल. मी सावकाश येते, मला वाट माहितीये."

"सकाळपासून तेच ऐकतेय मी."

लाहेलांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, नोहेआ त्यांना असं कधी बोलली नव्हती.

"खरंच सांगते. जा. मला राग नाही यायचा."

नोहेआच्या डोळ्यांसमोर बाळाचं मिटलेलं तोंड आलं. रडून रडून तो घामानं भिजला असेल, एलिया खुर्चीत बसल्या बसल्या त्याला झुलवत असेल. आपण जावं असंच तिला वाटत होतं. पळत गेली असती तर काळोख व्हायच्या आत पोचलीच असती. आणि काळोख झाल्यावर ही बाई, एका गुडघ्यावर, एकटी, या मुळांवरून. तिनं काही ठरवलं असं नाही. तिचे पायच खाली बसले, लाहेलांच्या शेजारी.

बसून दोघी उरलेलं पाणी प्यायल्या. मग नोहेआ उठली, लाहेलांच्या खालच्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून उभी राहिली, आणि खिळ्यांचा एक बूट दोन्ही हातांत धरून तिनं तो मुळावर नेऊन ठेवला. मग दुसरा. कामालू हल्ली पायऱ्या उतरायला शिकत होता, त्याचे पाय ती अशीच ठेवायची. लाहेला सुरुवातीला 'सोड, मी ठेवते' म्हणाल्या. नंतर म्हणाल्या नाहीत. त्या दोघी तशाच, एकेक पाऊल, केळीच्या बागेपर्यंत आल्या तेव्हा पूर्ण अंधार पडला होता. पिकअपचं दार उघडायलाही हातात जोर नव्हता.

घरी ओसरीवरचा दिवा लागलेला होता. आतून रडण्याचा आवाज येत नव्हता, आणि त्यानं नोहेआ जास्त घाबरली. ती बूट न काढता आत धावली.

कामालू शेजारच्या हाउनानी आंटीच्या मांडीवर बसला होता, जागा, नाकापर्यंत जांभळा. दुपारभर रडल्यावर आंटीनं बोटावर अळकुडीची जांभळी लापशी, पोई, घेऊन त्याच्या तोंडात घातली होती, आणि त्यानं वाडगाभर संपवली होती. एलिया खुर्चीत गाढ झोपला होता, प्लास्टरचा पाय टेबलावर, बाटली छातीवर.

कामालूनं आईकडे पाहिलं. चिखलानं माखलेली, केसांत नेच्याच्या काड्या अडकलेली ही बाई कोण, हे त्याला कळेना. त्यानं खालचा ओठ बाहेर काढला आणि मोठ्यानं रडायला लागला.

"एक दिवस गेली तर विसरला बघ," आंटी म्हणाली.

नोहेआ ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली, तोंडावरून ओला हात फिरवला आणि बाळाला मांडीवर घेतलं. तो थोडा वेळ रडला, मग नाक तिच्या अंगाला घासलं, मग प्यायला लागला. पोई पोटात असूनही प्यायला, दोन्ही बाजूंनी, दिवसभराची भरपाई करायची असल्यासारखा. तिचे खांदे खाली आले.

लाहेला भिंतीला धरून पायरीवर बसल्या. काखेतलं कापड उलगडलं. आत एकच साल उरली होती, तीही टोकाशी तुटलेली. त्यांनी ती कामालूच्या गळ्याभोवती मोजून पाहिली. बाळाच्या गळ्याला तेवढी पुरत होती. मग त्यांनी कापड ओलं करून ती परत गुंडाळली.

"बाकीच्यांसाठी खोक्यातली आणा," त्या म्हणाल्या. "सकाळी विमानतळाजवळच्या दुकानात फोन कर म्हणावं एलियाला. आणि मी सांगितलं असं कुणाला बोलू नका."

तांदळाची पिशवी पायरीवर कलंडली होती. कामालूनं पिता पिता हात लांब केला, एक गुलाबी फीत ओढून काढली आणि मुठीत घट्ट धरली. लाहेला ती सोडवायला गेल्या आणि मग राहू दिली. बराच वेळ लाहेला त्या मुठीकडे बघत होत्या.

"लुआउ झालं की त्या फिती परत बांधून यायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

नोहेआचे डोळे मिटत आले होते. "एलियाचा पाय बरा झाला की त्याला पाठवा," ती म्हणाली, "मी येणार नाही," आणि तशीच सासूच्या खांद्यावर कलली.